बारा वाजेपर्यंत

दुपारी ३.००

धरण फुटायला नऊ तास होते तेव्हा आम्ही चहा पीत होतो.

नारायण पेठ, दुसरा मजला, जुलैमधला रविवार. भिडे पूल पाण्याखाली गेल्यामुळे डेक्कनकडचे दोघं झेड ब्रिजवरून आले होते आणि त्यांचे रेनकोट दारात ठिबकत होते. हॉलमधल्या जुन्या शिसवी कपाटाच्या दारांवर मी नकाशा चिकटवला. वर डोंगर, डोंगराच्या कुशीत नवं मातीचं धरण, खाली नदी, नदीकाठी चाळीस हजार वस्तीचं शहर आणि शहराच्या डोक्यावर किल्ला. कपाटावर छातीच्या उंचीला एक फिकट आडवी रेघ आहे. नकाशाची खालची कड मी नेहमी त्या रेघेला लावते, म्हणजे तो वाकडा लागत नाही.

"फोन सायलेंट करा आणि पालथे ठेवा," मी म्हणाले. माझ्या टेबलाचा हा जुना नियम आहे.

दुपारी ३.१५

राजाचे चार अधिकारी, चौघेही वाईट. खजिनदार एरवी दातांचा डॉक्टर. सेनापती एरवी शाळेत भूगोल शिकवते, घर तिचंच. राजज्योतिषी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. आणि कारकून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मला ताई म्हणणारा एकटा. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी. आठ महिने चाललेल्या कॅम्पेनचं आज शेवटचं सेशन.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका वठवत गोष्ट रचण्याचा खेळ आणला, तेव्हापासून सहसा कामांची वाटणी ठरलेली आहे. कट डीएमने रचायचा, नायकांनी तो हाणून पाडायचा. दुष्टपणा माझ्या खात्यावर. खेळाडूच खलनायक झाले की सगळं उलटं होतं. नायक संकटाची वाट बघत सरायात बसू शकतो, खलनायकाला मात्र स्वतःचा बेत लागतो. बेत ते आखतात आणि मी आडवी येणारी दुनिया होते. ही दुनिया पोकळ निघाली, तर त्यांना धडकायला भिंतच उरत नाही आणि ते एकमेकांना चावायला लागतात. अशी कॅम्पेन तिसऱ्या-चौथ्या सेशनला मोडतात ती बहुतेक यामुळेच.

म्हणून पहिल्या दिवशी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, समोरच्याची परवानगी असेल तरच आपसात फासे टाकायचे. दोन, लहान मुलांवरचे अत्याचार आणि लैंगिक हिंसा या टेबलावर येणार नाहीत. आणि टेबलाच्या मध्यभागी एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, कुणी त्याला बोट लावलं की प्रसंग तिथेच थांबवायचा, कारण विचारायचं नाही. ही युक्ती जॉन स्टाव्रोपोलोस यांची, २०१३ पासूनची. तीन, प्रत्येक खलनायकाने आपलं एक माणूस लिहून द्यायचं, ज्याच्यावर त्याचा खरोखर जीव आहे. ही कल्पना मला पॉल चेगी यांच्या 'माय लाइफ विथ मास्टर' या २००३ च्या खेळावरून सुचली. तिथे सगळे खेळाडू एका दुष्ट मालकाचे चाकर असतात आणि कुणावर तरी जडलेली माया हीच त्यांची मालकाविरुद्ध उभं राहण्याची ताकद असते. सेनापतीने आपला भाऊ लिहिला, ज्योतिष्याने आंधळे गुरुजी, कारकुनाने खालच्या शहरात राहणारी आई. खजिनदाराने घोडा लिहिला.

दुपारी ३.४०

वाटी पालथी घालून कागदावर गोल काढला. आत तीन, सहा, नऊ, दहा, अकरा, बारा अशा खुणा. हे घड्याळ बेकर दांपत्याच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मधलं. संकट किती जवळ आलंय, हे ते दाखवतं. नऊच्या आधी ते टाळता येतं. नऊनंतर टाळता येत नाही, फक्त तयारी करता येते. बाराला ते येतं. एरवी भिंतीवरच्या घड्याळाशी याचा संबंध नसतो, पण शेवटच्या सेशनला मी दोन्ही जोडून टाकली.

तीनचा भाग लगेच रंगवला. मागच्या वेळी या चौघांनी राजाची वाहवा मिळवायला अर्धवट धरण पावसाळ्याआधीच अडवलं होतं, आणि आता पाणी काठोकाठ आलं होतं.

संध्याकाळी ५.१५

बेत असा होता: आज रात्री नदीकाठी उत्सव, सगळं शहर घाटावर जमलेलं, राजा नावेत. किल्ल्याचे दरवाजे आतून लावून घ्यायचे आणि सकाळी नवा राजा जाहीर करायचा. त्यासाठी सेनापतीला भाले हवे होते आणि भाल्यांना लोखंड. लोखंडाच्या दोनशे गाड्या वेशीवर उभ्या होत्या, पण तो माल धरणाच्या मोरीसाठी आलेला. मोरी म्हणजे भिंतीच्या पोटातून पाणी बाहेर काढणारा बोगदा.

संध्याकाळी ६.००

या घटनाक्रमातली सगळ्यात महत्त्वाची नोंद ही, आणि त्या वेळी कुणीही खेळपटाकडे नीट बघत नव्हतं. खजिनदार भजी खात होता.

"मोरी विटांची बांधू दे," तो म्हणाला. "सळया वर गडावर पाठव."

"विटांची चालेल का?" कारकुनाने मला विचारलं.

"चालेल," मी म्हणाले. "काही दिवस."

"आपल्याला एकच रात्र हवीये," सेनापती.

कारकुनाने वहीत दोनशे गाड्यांची नोंद केली आणि खाली सही ठोकली. फासा पडला नाही. कुणी हसलंही नाही, कारण हसण्यासारखं काही नव्हतंच. पहिले तीन सेशन हेच चौघे पत्ता विचारणाऱ्या म्हाताऱ्याला विहिरीत ढकलत होते, देवळातल्या दानपेटीवर हात मारत होते आणि खो खो हसत होते. तो दुष्टपणा दशावतारातल्या संकासुरासारखा, मुलांना भिववणारा आणि हसवणारा. या सहीमध्ये तसलं काही नव्हतं. माल इकडून तिकडे गेला, एवढंच.

सहाचा भाग रंगवला.

संध्याकाळी ७.१०

जेवण. आतल्या खोलीतून सेनापतीच्या आजींनी गरम भज्यांचा दुसरा घाणा पाठवला. आजी त्र्याऐंशी वर्षांच्या. आमचा आरडाओरडा त्यांच्या सवयीचा. "आज कोणाचा खून?" एवढंच आतून विचारायच्या.

रात्री ८.००

खलनायकांसमोर उभी राहणारी भली माणसं बावळट असली की खेळ मरतो. म्हणून धरणावरची मुकादम मी जीव ओतून तयार केली होती. पन्नाशीची, दोन धरणं बांधलेली, आवाज न चढवणारी. ती ओल्या पायांनी कचेरीत आली आणि टेबलावर दोन पेले ठेवले.

"हे परवाचं मोरीतलं पाणी," ती म्हणाली. "हे आजचं."

परवाचं स्वच्छ होतं, आजचं चहासारखं.

मी चौघांना समजावलं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, त्याला कुणी घाबरत नाही. झिरपणारं पाणी स्वच्छ आहे तोवर भिंत जागेवर आहे. गढूळ यायला लागलं की भिंतीची माती पाण्याबरोबर निघालीय, आणि ती आतून पोखरत जाते. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

"काय करायचं?" ज्योतिषी.

"उत्सव थांबवा. घाटावरची माणसं वर आणा. मला तीनशे हात आणि वाळूची पोती द्या."

रात्री ८.४०

वीस मिनिटं खल झाला. उत्सव थांबवला तर राजा नावेत बसणार नाही. माणसं वर आणली तर ती किल्ल्यातच येणार, मग दरवाजे कसे लावणार? आणि मोरी विटांची का, असं कुणी विचारलं तर वहीत सही कुणाची आहे?

"हिला कोंडा," खजिनदार म्हणाला. "उद्या सकाळी सोडू. तीनशे नाही, पाचशे माणसं देऊ."

तो हे अगदी मनापासून बोलत होता. त्याच्या हिशेबात उद्या सकाळ होती.

मी मुकादमबाईच्या तोंडून म्हणाले, "उद्या मला माणसं नकोत, साहेब. उद्या होड्या लागतील."

त्याच क्षणी कारकुनाचा हात टेबलाच्या मध्याकडे सरकला. कार्डाच्या बोटभर अलीकडे थांबला, वळला आणि भज्यांच्या ताटलीत गेला. मी ते पाहिलं. त्या पोराचा चेहरा पाहिला. आणि प्रसंग इतका रंगात आला होता की मी थांबवला नाही. डीएम म्हणून मी केलेली ही सगळ्यात मोठी चूक. कार्ड त्याच्यासाठी होतं, हे खरं. पण डोळे मलाही होते.

मुकादमबाईला तळघरात नेलं.

रात्री ९.००

नऊचा भाग रंगवला आणि नियम मोठ्याने वाचला: इथून पुढे टाळता येणार नाही, तयारी करता येईल.

"पण आम्ही तर अजून काहीच केलं नाही!" सेनापती म्हणाली.

ती चिडून नाही, चकित होऊन बोलली होती. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्लेयर्स हँडबुकने १९७८ साली माणसांच्या वृत्तीचा नऊ घरांचा तक्ता दिला. त्यातल्या शेवटच्या ओळीत, दुष्टांच्या, हे चौघे आठ महिने अभिमानाने बसले होते. आज रात्री कुठला तरी भयंकर निर्णय समोर येईल, त्या वेळी आपण कोण आहोत ते दाखवू, अशी त्यांची समजूत होती. तो निर्णय सहा वाजता भजी खाताना होऊन गेला होता. दुष्टपणा करायला त्यांना उसंतच मिळाली नाही. ते घाईत होते.

रात्री १०.००

बंड यशस्वी झालं. खजिनदाराचा फासा वीसवर थांबला, ज्योतिषी खुर्चीवर उभा राहिला, राजाची नाव उलटली. पाच मिनिटं टाळ्या. दहाचा भाग मी टाळ्यांच्या गजरातच रंगवला. मोरीच्या तोंडातून आता विटा बाहेर येत होत्या.

रात्री १०.४०

किल्ल्याच्या बुरुजावर मोठी घंटा आहे. ती वाजली की शहर वर धावतं, हे पहिल्या सेशनपासून सगळ्यांना ठाऊक.

"घंटा वाजवू," कारकून म्हणाला.

"वाजवली तर कशासाठी ते सांगावं लागेल," खजिनदार. "पहिल्याच रात्री नव्या राजाने म्हणायचं, धरण फुटतंय, आमच्यामुळे?"

"आणि दरवाजे उघडावे लागतील," सेनापती.

"चाळीस हजार गेले तर करही गेला," ज्योतिष्याने विनोद केला, आणि आम्ही पाचही जण मोठ्याने हसलो. मीसुद्धा.

रात्री ११.००

आजी पाणी प्यायला बाहेर आल्या.

"चाळीस हजार कोण गेले गं?"

"खेळातले, आजी. धरण फुटतंय."

"कुठलं?"

"काल्पनिक आहे," मी म्हणाले. आठ महिन्यांत या टेबलावर मी बोललेलं हे एकमेव खोटं.

त्या नकाशापाशी गेल्या. चष्मा वर करून धरण पाहिलं, नदी पाहिली, मग माझ्या वहीत डोकावल्या. तिथे मी पाण्याचं वर्णन आधीच लिहून ठेवलं होतं. डोंगराएवढी पाण्याची भिंत गर्जत येते, वगैरे.

"अशी भिंत नाही येत," आजी म्हणाल्या. "आमच्याकडे आधी न्हाणीच्या मोरीतून आलं. मला वाटलं तुंबली. मी नवी सून, सासूबाई ओरडतील म्हणून काठी घेऊन मोरी मोकळी करत बसले. मागून यजमान ओरडले, अगं वर ये, वर ये! वळून बघते तर ओटीवर पाणी."

कुणी बोललं नाही.

"आणि त्या मोरीत सळया नव्हत्या घातलेल्या. नंतर पेपरात यायचं ते. तुमच्यात कुणी खाल्ल्या?"

कारकुनाने मान खाली घातली.

आजींनी नकाशाची खालची कड उचलली आणि कपाटावरच्या रेघेवर बोट फिरवलं. "इथपर्यंत. दहा वेळा पॉलिश केलं, जात नाही." मग फुलपात्रात पाणी घेतलं. "चालू द्या तुमचं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

रात्री ११.१०

मी खेळ थांबवला आणि खरं सांगितलं. नकाशातलं धरण पानशेतचं होतं. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर बांधलेलं मातीचं धरण. पुरं व्हायच्या आधीच पाणी अडवलेलं, मोरीचं काम सळयांशिवाय झालेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते अंधारात न फुटता १२ जुलै १९६१ च्या बुधवारी सकाळी फुटलं. त्या पाण्याने खाली १८७९ साली पुरं झालेलं खडकवासल्याचं दगडी धरणही त्याच दिवशी फोडलं. पुण्याच्या पेठांतून चिखल निघाला, नळांचं पाणी मात्र गेलं, कारण शहर ज्याचं पाणी पीत होतं ते धरणच उरलं नव्हतं. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर या नावांमागे पूरग्रस्तांच्या वसाहती आहेत. त्या सगळ्या कहाणीत किल्ल्यावर बसलेला खलनायक मला कुठे सापडला नव्हता. म्हणून मी चार तयार केले.

"हे आधी सांगायला हवं होतंस," ज्योतिषी म्हणाला. त्याचं बरोबर होतं. काय नको ते मी टेबलावरच्या चौघांना विचारलं होतं. ज्या घरात टेबल मांडलं, त्या घराला विचारलं नव्हतं.

"ताई, मघाशी मी कार्डाला हात लावणार होतो," कारकून म्हणाला.

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले. याहून जास्त बोलता आलं नाही.

इथेच आवरायचं का, असं विचारलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही," सेनापती म्हणाली. "बारा वाजू देत." ती आत जाऊन आजींना विचारून आली. आजी म्हणाल्या होत्या, अर्धवट ठेवू नका.

रात्री ११.३०

अकराचा भाग उशिरा रंगवला.

"मी बुरुजावर जातो," कारकून म्हणाला. "घंटा वाजवतो, मग खाली जाऊन दरवाजा उघडतो."

पहिल्या दिवसाचा नियम. मी त्याला विचारलं, "खजिनदार तुला अडवू शकतो. त्याने फासा टाकला तर चालेल?"

"चालेल."

खजिनदाराने फासा उचलला. दोन बोटांत फिरवला. वीसची बाजू पाहिली, एकची पाहिली, आणि पिशवीत टाकून पिशवीची नाडी ओढली.

सेनापतीने पहारा बाजूला घेतला. ज्योतिषी तळघराची किल्ली घेऊन मुकादमबाईकडे गेला. घंटा वाजली.

रात्री १२.००

लिहिलेलं पान मी वाचलं नाही.

"खालच्या शहरात तिसऱ्या गल्लीतल्या एका घरात," मी म्हणाले, "मोरीतून पाणी वर येतंय. घरातल्या बाईला वाटतंय, तुंबली."

मग एकेकाला विचारलं, तुमचं माणूस कुठे आहे? भाऊ किल्ल्यात होता. गुरुजी किल्ल्यात. घोडा तबेल्यात, वाळलेल्या गवतावर. कारकुनाने काही न बोलता आपली सोंगटी दरवाजातून बाहेर काढली, चढावर येणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने सरकवत नेली आणि तिसऱ्या गल्लीत ठेवली. मी त्याच्याकडे फासा मागितला नाही आणि त्याने उचलला नाही.

बाराचा भाग त्यानेच रंगवला.

बऱ्याच वेळाने खजिनदाराने विचारलं, "किती वाचले?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मोजायला कारकून नाही."

रात्री १२.१५

नकाशा काढला. ताटल्या आत नेल्या. शेवटी टेबलावर पालथे पडलेले फोन उरले. खजिनदाराने आपला उलटा केला आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, नदीपात्रात उतरू नये. पहिला मेसेज संध्याकाळी सहाच्या सुमाराचा. मग नऊला आकडा वाढलेला, अकराला आणखी वाढलेला. सहा तास एक घंटा आमच्या टेबलावर वाजत होती आणि आम्ही तिचं तोंड दाबून ठेवलं होतं.

"गाडी कुठे लावलीयेस?" सेनापतीने त्याला विचारलं.

"वर. रस्त्यावर."

तरी तो निघाला नाही. दारात एका पायात बूट घालून भिंतीला टेकला आणि तिन्ही मेसेज अंगठ्याने एकेक करत आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. मग दवाखान्याच्या ग्रुपवर. मग नदीकाठी राहणाऱ्या त्याच्या कंपाउंडरला त्याने सरळ फोनच लावला. रिंग बराच वेळ वाजत राहिली. आम्ही सगळे जिन्यात उभे राहून ती ऐकत होतो.

"हां, झोपला होतास का?" तो म्हणाला. "ऊठ जरा. खिडकीतून पाणी बघ."